सासूबाईंचं अळणी

वाशीच्या फ्लॅटात राहायला आलो त्याच वर्षी यांना ब्लडप्रेशर निघालं. मीठ कमी करा, सिगारेट सोडा, रोज चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुर्भ्याच्या कारखान्यातून दमून आलेल्या माणसाला पुन्हा बाहेर काढणं सोपं नव्हतं. तरी मी काढायचे. नव्या, रिकाम्या रस्त्यांवरची धूळ खात आम्ही खाडीपर्यंत जायचो आणि न बोलता परतायचो. मला अगदी कंटाळा यायचा, पण भीती जास्त होती. सासरे याच दुखण्यानं, अर्धांगाचा झटका येऊन गेले होते.

खरी दमछाक स्वयंपाकात. यांची आमटी, भाजी आधी बाजूला काढायची, मग उरलेल्यात मीठ घालायचं. एवढं करूनही दवाखान्यातल्या यंत्राचा पारा खाली येईना. माझं काय चुकतंय तेच कळत नव्हतं.

एका दुपारी रॉकेलच्या रांगेतून परतले, तर पहिल्या पाळीहून आलेले हे पाटावर बसलेले. ताटात तळलेले पापड, सांडगी मिरची, लोणचं. समोर सासूबाई, त्यांच्या ताटलीत नुसता भात आणि ताक. त्या नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायच्या, त्यामुळे त्या काय खातात याचा मला कधी पत्ताच लागला नव्हता.

"आई, हे काय?"

"त्याच्या प्रेशरसाठी श्रावणापासून अळणी धरलंय मी," त्या म्हणाल्या. "मीठ सोडायचं ना? मी सोडलं. तो एवढा मरमर करून येतो, त्याच्या तोंडची चव कशाला मारतेस?"

हे खाली मान घालून पापड मोडत राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण भांडणार तरी काय? बाईनं सोडायचं आणि पुरुषाला लाभायचं, हे आमच्या अंगवळणीच पडलेलं. हरतालिकेला मीही तेच करत होते.

रॉकेलचा डबा खाली ठेवून मी एवढंच विचारलं, "मामंजींसाठीही असंच धरलं होतंत?"

त्यांचा घास हातातच राहिला. मग हात लांब करून त्यांनी यांच्या ताटातली लोणच्याची वाटी उचलली, पापड उचलले आणि माझ्याकडे सरकवले.

"धरलं होतं. पण मीठ त्यांनीच सोडायला हवं, हे तेव्हा मला कुणी सांगितलंच नाही गं," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी एकच पातेलं चढवलं, बिनमिठाचं. तिघंही तेच जेवलो.