नानांची जुळलेली उत्तरं

नाना एकदा बोलले की बोलले. चहा नको म्हणाले की समोर कप आणून ठेवला तरी हात लावायचे नाहीत. साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेला. आकडा लिहिला की त्यावर खाडाखोड नाही, हा काट्यावरचा रिवाज ते वारूळवाडीच्या घरातही पाळायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती प्रश्नावली घेऊन. मोबाइलवरून तब्येतीची माहिती मिळवणं माणसाला कितपत जमतं, हे मोजणारे परदेशातले प्रश्न आमच्या संस्थेनं मराठीत आणले होते. ते इकडे लागू पडतात का, हे बघायचं होतं. ‘सोपं’ की ‘अवघड’, एवढंच सांगायचं. नाना प्रत्येक प्रश्नाला ‘सोपं’ म्हणत गेले.

“मोबाइलवर आलेला रिपोर्ट उघडता येतो?”

“येतो की. सूनबाई उघडती.”

हे सोपं की अवघड? मला कळेना. संस्थेतल्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, माणूस म्हणेल ते लिहा. लिहिलं. निघताना मी शहाणी सहज बोलून गेले, “दोन आठवड्यांनी हेच पुन्हा विचारीन नाना. उत्तरं जुळली की आमची प्रश्नावली पक्की.”

दुसऱ्या खेपेला सून बाळंतपणाला माहेरी, ओझरला गेली होती. नानांच्या पायाला फडकं. चप्पल चावली होती म्हणे. उत्तरं मात्र तीच, सगळी ‘सोपं’. मी खूश. कागद आवरले तसा त्यांनी मोबाइल पुढे केला. “ताई, शिबिरात रगत तपासाया दिलं व्हतं. काय आलंय बघता का? आठ दिस झालं, मला काय उघडंना.”

मी रिपोर्ट उघडला. रक्तातली साखर भयंकर वाढलेली होती.

“अहो नाना, मग आत्ता सोपं का म्हणालात?”

“म्हागल्या बारीला सोपं सांगितलं व्हतं ना. आता अवघड म्हनलो तर तुमचं कसं जुळायचं?”

मला स्वतःचाच राग आला. त्याच दुपारी त्यांना नारायणगावला दवाखान्यात नेलं. फडक्याखालची जखम चिघळली होती, पायाचा अंगठा काढावा लागला.

मी भेटायला गेले तेव्हा नाना पायाचं काहीच बोलले नाहीत. “ताई, जुळलं का समदं?” एवढंच. त्यांचा फॉर्म अजून माझ्याच पिशवीत होता. साहेबांकडे द्यावा तर उत्तरं खोटी, फाडावा तर नानांनी पाळलेला शब्द फाटणार. “जुळलं नाना,” मी म्हणाले. ते लहान मुलासारखे हसले.

यंदा नाना गेले. फॉर्म माझ्याकडेच आहे. त्यावरचं ‘सोपं’ खोडून ‘अवघड’ लिहायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.