स्वतःच्या पोराची शिफारस

जे जे म्हणून आपलं, त्याला नावं ठेवण्यात आमच्या शेजारच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या साउथहॅम्प्टनमध्ये नव्हता, आणि उरलेल्या इंग्लंडात असेल असं मला वाटत नाही. मूळचे नागपूरचे. वहिनींनी गोळाभात वाढला की पाहुण्यांनी घास उचलायच्या आत हे सांगणार, 'आज गोळे जमले नाहीत बरं का.' जुनी गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक बिचारं खूश होऊन किल्ली मागत होतं, तर यांनी बॉनेट उघडून गाडीची दुखणी एकेक करून सांगायला घेतली. तो माणूस बसने घरी गेला. मी तेव्हा कंपनीच्या व्हिसावर नवा नवा आलो होतो. पुण्याला फोन करायला कॉलिंग कार्ड लागायचं, आणि माझ्या एकटेपणावर या जोडप्याच्या जेवणाइतका उतारा दुसरा नव्हता, म्हणून मी त्यांची सगळी मतं निमूट ऐकायचो. एक मत मात्र मला कधीच पटलं नाही.

त्यांचा मुलगा इथल्याच युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळायचा. खेळणारे पुष्कळ, बघणारे म्हणजे पोरांच्या मैत्रिणी, एकदोन आया आणि थर्मास घेतलेले आम्ही दोघं. या खेळात क्वार्टरबॅक हा सगळ्यांत महत्त्वाचा. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो. टीममध्ये असे दोन होते, डॉक्टरांचा मुलगा आणि एक उंच गोरा पोरगा. कुणाला पहिल्यापासून खेळवायचं यावर आमची जुंपायची. डॉक्टर हिरिरीने त्या उंच पोराच्या बाजूने. 'अबे, हात बघ त्याचा, काय लांब फेकतो. आमचा नुसता विचार करत उभा राहतो.' मी म्हणायचो, 'डॉक्टर, विचार करतो म्हणून तर चेंडू समोरच्यांच्या हातात पडत नाही.' ते हे मनातून मानत होते. मुलाने चांगला पास दिला की त्यांच्या हातातला चहा सांडायचा, तरी तोंडाने कबूल करायचे नाहीत.

सीझनची शेवटची मॅच आली. जो जिंकेल तो वरच्या लीगमध्ये जाणार होता. टीमचा कोच हौशी होता, एरवी पोस्टमन. त्याने सहज डॉक्टरांना विचारलं, 'तुम्ही कुणाला आधी उतरवाल?' आणि या गृहस्थांनी उंच पोराचं नाव सांगितलं. कोचने तेच जाहीर केलं. दोघांचं बोलणं मुलाच्या कानावर गेलं, तेव्हा त्याने आईला फोन केला. 'आई, बाबाला माझा गेम आवडतच नाही ना?' वहिनी एरवी शांत, पण त्या दिवशी मी समोर बसलेला असतानाही थांबल्या नाहीत. 'एकदा तोंडाने चांगला म्हणालात तर काय दृष्ट लागणारे? लागली तर मी काढीन. मीठ-मोहरी आहे घरात.'

डॉक्टर पडेल चेहऱ्याने म्हणाले, 'अगं, स्वतःच्या पोराची शिफारस कशी करायची?'

रविवारी गाडीत त्यांची तालीम चालली होती. 'माझा मुलगा चांगला खेळतो,' इथपर्यंत ठीक जायचं, मग उचकी लागल्यासारखा 'पण' यायचा. मी प्रत्येक वेळी परत पहिल्यापासून म्हणायला लावायचो. मैदानावर पोचल्यावर ते तडक कोचपाशी गेले आणि इंग्रजीत म्हणाले, 'त्या दिवशी मी खरं बोललो नाही. दोघांत माझा मुलगा जास्त चांगला आहे.' कान लालभडक झाले होते. कोच हसला. म्हणाला, पोरांना सांगून झालंय, आता बदल नाही, तुमच्या मुलाला सेकंड हाफमध्ये उतरवतो. मुलगा मागेच बुटाचे बंद बांधत बसला होता.

पहिला हाफभर तो बाहेर बसून होता, आणि सारखा हसत होता.

'खेळवलं नाही तरी हा हसतो काय?' डॉक्टरांनी मला विचारलं.

'त्याने ऐकलंय, डॉक्टर.'

सेकंड हाफला मुलगा मैदानात उतरला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना डॉक्टर आपणहून म्हणाले, 'तो माझा मुलगा. फार चांगला खेळतो.' पुढे काही जोडलं नाही.

मला माझे वडील आठवले. मला किती का मार्क पडेनात, ते 'ठीक आहे' म्हणून पेपर वाचायला लागायचे. माझ्यामागे कुणापाशी तरी ते असं बोलले असतील का, हे विचारायला आता ते नाहीत. बोलले असतील, असं मी त्या रविवारपासून धरून चाललोय.