आठशेची टोपली

अकरा वर्षं वहिनींनी औषधांच्या गोदामात दुसऱ्यांच्या मालावर किमती चिकटवल्या. तासाला चारशे लेबलं, एकही वाकडं नाही. आणि आता स्वतःच्या हातच्या टोपलीला एक चिठ्ठी डकवायची तर बाईंचा हात अडखळायला लागला.

गल्लीत त्यांना सगळेच वहिनी म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. वेताच्या टोपल्या विणायचं वेड जुनं. घरातली एकुलती एक मोठी बादली वेत भिजवण्यात कायमची अडकलेली, त्यामुळे घड्याळं दुरुस्त करणारे यजमान कित्येक वर्षं पातेल्यातून अंघोळ करत होते. दोन महिन्यांपूर्वी वहिनींनी नोकरी सोडून टोपल्याच विकायचं जाहीर केलं, तेव्हा डोळ्याचं भिंग न काढता त्यांनी एवढंच विचारलं, "मग आता बादली मोकळी होईल का?"

"आता दोन लागतील," वहिनी म्हणाल्या.

दोन महिन्यांत खपल्या चार. गोदामाच्या मालकाने निरोप धाडला, जागा अजून रिकामी आहे, सोमवारपर्यंत काय ते कळवा. मध्ये शनिवार-रविवार हस्तकलेचं प्रदर्शन होतं. तिथे बारा टोपल्या नीट किमतीला गेल्या तर धंदा, नाहीतर सोमवारी पुन्हा लेबलं. वहिनींना त्या खिडकी नसलेल्या खोलीत परत जायचं नव्हतं.

किंमत मुलीने ठरवली. ती हिशेबाचं शिकत होती, म्हणजे घरात तिच्यापुढे कुणाचं चालत नव्हतं.

"वेत दोनशेचा. तीन दिवसांची मेहनत. आठशे."

"माझ्या मेहनतीचे कसले पैसे? मी तर घरीच असते."

"गोदामाचा मालक कधी म्हणाला का, पगार कसला मागता, तुम्ही तर इथेच असता?"

वहिनींनी चिठ्ठीवर आठशे लिहिलं, पण अगदी बारीक अक्षरात. जाहिरातही मुलीनेच केली. टोपलीचा फोटो काढून फोनवरून ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. ऐन वेळी शेजारचं मांजर त्यात जाऊन बसलं होतं. एकतीस जणांनी 'छान' म्हणून कळवलं आणि दोघांनी मांजर केवढ्याला ते विचारलं.

शनिवारी पहिलं गिऱ्हाईक आलं. चांगल्या साडीतली बाई, टोपली हातात घेऊन खुशीत. "केवढ्याला?"

"आठशे," वहिनी म्हणाल्या. बाई पर्समध्ये हात घालणार, तेवढ्यात वहिनींना ती दोन क्षणांची शांतता सोसेना. "म्हणजे सहाशे दिले तरी चालतील. काठ जरा तिरका झालाय हं, आधीच सांगते. तशी काही फार मोठी गोष्ट नाही, घरीच बसल्या बसल्या केलीय. अडीचशे द्या."

बाईने टोपली उलटीसुलटी करून दोष शोधला, तो काही सापडला नाही, पण अडीचशेच दिले. संध्याकाळपर्यंत अशा तीन गेल्या. मुलीने कपाळावर हात मारून घेतला.

रात्री तिने शक्कल लढवली. आत्याला गिऱ्हाईक म्हणून आणायचं. आत्याने ठणठणीत आवाजात भाव विचारायचा, मुकाट्याने आठशे मोजायचे आणि चालू लागायचं. लोक बघतील, भाव बसेल. आवाजाच्या बाबतीत निवड अगदी योग्य होती. पण जिला लांबून येताना पाहून भाजीवाले माल झाकतात, जिने डॉक्टरांच्या फीमध्येसुद्धा घासाघीस केलेली, तिला 'मुकाट्याने पैसे दे' म्हणून सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यासारखंच होतं.

रविवारी अकराला आत्या, म्हणजे वहिनींच्या वन्सं, आल्या. "बाई, ही टोपली केवढ्याला?"

"आठशे."

"द्या," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण सवयीला औषध नाही. "आठशे? वेत काय सोन्याचा आहे? तीनशे देते!"

पलीकडे मुलीला जोराचा खोकला आला. अनोळखी कुणी असतं तर वहिनींनी तीनशेत टोपली बांधून वर पिशवी दिली असती. पण समोर नणंद होती आणि वहिनींना वीस वर्षांचं साठलेलं आठवलं.

"तीनशे? वन्सं, रात्रभर भिजवायचा, सकाळी एकेक वेत चिरायचा, ही बोटं बघा! तळ दोनदा उसवून विणलाय!"

"पण काठ तिरका दिसतोय."

"कुठे तिरका? पट्टी आणा! लावा माप!" वहिनींचा आवाज असा चढला की शेजारच्या टेबलावरचा मातीची भांडी विकणारा उठून उभा राहिला. "पायाने दाबून धरा, दहा वर्षं हलणार नाही! आठशे म्हणजे आठशे!"

भोवती गर्दी जमली. एक चष्मेवाले गृहस्थ पुढे झाले. "बाई, तुम्हाला घ्यायची नसेल तर सरका. मी घेतो आठशेला."

"वा! आधी हात मी लावलाय!" वन्संनी टोपली छातीशी धरली आणि आठशे मोजले, जन्मात पहिल्यांदा एकही रुपया कमी न करता. चष्मेवाल्यांनी दुसरी घेतली. मग माप लावून बघायला बायका आल्या आणि काठ सरळ निघाला म्हणून नेऊ लागल्या. चारपर्यंत टेबल रिकामं. कुणी विचारायच्या आत वहिनींनीच गोदामाच्या मालकाला फोन लावला आणि जागा भरून टाका म्हणून सांगितलं.

वन्सं मात्र घरी गेल्या नव्हत्या. स्टुलावर बसून मांडीवरच्या टोपलीवरून बोट फिरवत होत्या.

"तुझ्या हातच्या सात आहेत गं माझ्याकडे," त्या हळूच म्हणाल्या. "दर वेळी आलीस की एक आणायचीस. तीन-तीन दिवस लागतात म्हणून कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, वन्सं."

वन्सं पदर सावरून उठल्या.

"एकीत मी चपला ठेवते," त्या म्हणाल्या. "घरी गेल्या गेल्या काढते."