बाबांचा कफ आणि घाईचा रिपोर्ट

रायपूर राजधानी झाल्यावर काही वर्षांनी आमच्या लॅबमध्ये एक मशीन आलं. न्यूमोनियाचा जंतू ते दोन तासांत ओळखायचं. एरवी कफातले जंतू वाढवून बघायला तीन दिवस जायचे. मी तिथे टेक्निशियन होते आणि घरी रोज त्या मशीनचं कौतुक सांगून सगळ्यांना पकवत होते.

त्याच हिवाळ्यात रेल्वेतून निवृत्त झालेले माझे बाबा तापाने आणि खोकल्याने आजारी पडले. डॉक्टरांनी कफ तपासायला सांगितला. बाबा भारी टापटिपीचे. त्यांनी चार गुळण्या करून डबी माझ्या हातात दिली. आत नुसती थुंकी होती.

"बाबा, छातीतला कफ पाहिजे. जोरात खोका."

"पोरीसमोर खाकरू काय? मले नाही जमत."

शेवटी मी अंगणात जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे कफ आला. दुपारी रिपोर्ट मिळाला. जंतू सापडला होता आणि डॉक्टरांनी त्यावरचं औषध लगेच सुरू केलं.

बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "इतक्या घाईत काय पाहिलं असन त्यानं?"

त्यांच्या समाधानासाठी मी जुनी तपासणीही लावली होती. तिचा रिपोर्ट आला तेव्हा ताप उतरलेले बाबा उन्हात संत्रं सोलत बसले होते. तोच जंतू होता. त्यांनी कागद नीट वाचला आणि शेजाऱ्यांना गंभीरपणे हाक मारली.

"भैया, आज पक्का मालूम हुआ. मेरेको न्यूमोनिया है."