चुन्याचा ओटला

मध्यभारत राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. तुकोगंजात आमची मुलींची शाळा आणि वाचनालय शेजारी-शेजारी होती. समोरच्या बागेपासून दोन्हींना तोडणारी एक उंच संस्थानी भिंत होती. तिचं काय करायचं ते बघायला बांधकाम खात्यातले एक गृहस्थ रोज यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. कोट चुरगळलेला, कानावर पेन्सिल, खिशात शेवेची पुडी. बोलताना हात असे उडायचे की निम्मी शेव मातीत.

"बाईजी, घरापुढे ओटला असतो म्हणून शेजारी येऊन टेकतो. या इमारतींना ओटलाच नाही, तो अंदर कौन आएगा?"

भिंतीच्या जागी त्यांना लांबलचक ओटला हवा होता. मोठे साहेब तयार नव्हते. साहेब पाहणीला येणार त्या सकाळी यांनी बागेच्या बाजूनं जमिनीवर चुन्यानं तो ओटलाच आखला. दुपारी देपालपूरचा एक शेतकरी भाकरी खायला आला. त्यानं रेघेबाहेर जोडे काढले आणि आत जाऊन बसला. मग पेपर वाचणारे आले, मग फाटकातून आमच्या मुली. रेघेबाहेर चपलांची रांगच लागली. मी तर वर्ग सोडून धावले.

तेवढ्यात साहेब तरातरा आले, रेघेपाशी थबकले आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागले.

माझ्या शेजारी ते गृहस्थ शेव खायचंही विसरले होते.

"ओटला हो गया, बाईजी," ते म्हणाले. "आता फक्त बांधायचा राहिला."