माफी नसलेला अर्ज

सरकारी कचेरीच्या जिन्याखालच्या खोलीत माझी एक जुनी विद्यार्थिनी इंग्रजी अर्ज टाइप करून देते. सगळे तिला खटखटताई म्हणतात. आधी माणसाची हकिगत पुरी ऐकायची, मगच यंत्रावर कागद चढवायचा, हा तिचा नेम.

बाकीचे टायपिस्ट साऱ्या विनवण्या एका 'बेग'मध्ये, म्हणजे भीक मागण्यात, उरकतात. ही तसं करत नाही. पोरासाठी कोणी दवाखान्यात खाट मागत असेल, तर 'इम्प्लोर', कळवळून विनवणं. तिथे जीव कंठाशी आलेला असतो. आरोपाला उत्तर द्यायचं असेल, तर 'प्लीड'. तिथे आपली बाजू मांडायची असते. 'बेग' लिहिण्याआधी मात्र ती विचारते, "दुसरा काहीच आधार नाही ना?"

एकदा दवाखान्याच्या धुलाईखान्यातली एक बाई दिराला घेऊन आली. न सांगता अकरा दिवस गैरहजर, म्हणून तिला कामावरून काढलं होतं. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती.

"'आय बेग फॉर मर्सी' टाका," दीर म्हणाला. "साहेबांना नाक घासलेलं आवडतं."

"नाक कोणाचं, तुमचं की वहिनींचं?"

बाई हसली नाही. "सांगून गेले होते हो. ही रजेची चिठ्ठी. मुकादमाची सही आहे."

ताईनं चिठ्ठी दोनदा वाचली. "दया मागितली की चूक कबूल केल्यासारखं होतं. आपली बाजू ही चिठ्ठीच मांडेल, 'प्लीड'ही नको. मी साधं 'रिक्वेस्ट' लिहिते आणि ही जोडते."

"उद्या चूल पेटली नाही, तर तुम्ही येणार का पेटवायला?" दीर तडकला.

"भावोजी, जरा गप्प बसा. सही मला करायची आहे," बाई म्हणाली. "ताई, लिहा तुम्ही."

आठवड्यानं साहेबांनी बाईला बोलावलं. दीर सोबत होताच. साहेबांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"यात माफी कुठेच नाही."

"मागे चिठ्ठी जोडलीय, साहेब," बाई म्हणाली.

त्यांनी ती वाचली आणि मुकादमाला हाक मारली. तो मान खाली घालून म्हणाला, "सही माझीच. वर पाठवायची राहून गेली."

दुसऱ्या दिवशी बाई कामावर रुजू झाली.

या शब्दांचे अर्थ मी वर्गात पाठ करून घेतले होते. कुठला कुठे शोभतो, हे ती जिन्याखाली बसून शिकली. ही हकिगत मला तिनं नव्हे, त्या दिरानं सांगितली. आता तो भेटेल त्याला ऐकवतो, "आमच्या वहिनीनं हात जोडले नाहीत. नुसती चिठ्ठी दाखवली."