गाडी नेमकी तिथंच बंद पडायची

नवऱ्यावर मी पहिला संशय घेतला तो एका कार्बोरेटरपायी. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, जालना जिल्हा अजून व्हायचा होता, आणि आम्ही वडीगोद्रीला सडकेच्या कडेला दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे अंबडच्या कोर्टात कारकून. रोजच्या जाण्यायेण्यासाठी ह्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. किती जुनी, तर तिचा पहिला मालक कोण हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

गाडी दारात आली तेव्हा सासूबाई आल्या होत्या. त्यांनी बजावलं, नव्या वस्तूला दृष्ट लागते, दर शुक्रवारी हळदकुंकू वाहत जा. मी आज्ञाधारक, शिवाय अतिउत्साही. वाऱ्याने उडू नये म्हणून मी कुंकू तेलात कालवायची आणि दिव्यावर, हँडलवर, टाकीच्या गोल झाकणावर थापायची. झाकणावर जरा जास्तच, कारण ते मला गाडीचं कपाळ वाटायचं.

दोनेक महिन्यांत गाडी बंद पडायला लागली. गावात नाही बरं का. बाजारात न्या, पिठाच्या गिरणीवर न्या, शहाण्यासारखी चालायची. अंबडच्या वाटेला लागली की मात्र अर्ध्यावर जाऊन फडफड करायची आणि थांबायची. येतानाही अर्ध्यावर, त्याच जागी. हे दिवेलागण उलटून घरी यायचे आणि हातपाय धुता धुता सांगायचे की कार्बोरेटरमध्ये कचरा आल्ता. कार्बोरेटर हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. उशिरा येणाऱ्या नवऱ्यांनी आपसात ठरवलेला असावा, असंच मला वाटलं.

मग एके दिवशी ह्यांच्या रुमालाला स्पिरिटचा वास आला. त्यानंतर दोनच दिवसांनी शेजारीण अंबडहून एसटीने आली आणि उंबऱ्यात टेकता टेकता म्हणाली, तुमची गाडी त्या अमक्या खेड्यात नर्सबाईच्या क्वार्टरपुढं लिंबाखाली उभी दिसली. कालही दिसल्ती म्हणे. तिने हे इतक्या सहज सांगितलं की ती हे सांगायलाच आली होती, हे कळायला वेळ लागला नाही.

मी ह्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला पुरावा हवा होता. मनाशी ठरवूनच टाकलं की कार्बोरेटरचं कारण खोटं निघालं तर दिवाळीला बदनापूरला माहेरी जायचं ते परत यायचंच नाही. ट्रंकेत चार लुगडी घडी करूनही ठेवली. संसाराला पुरतं वर्ष झालं नव्हतं.

आता पुराव्यासाठी कार्बोरेटर समजून घेणं आलं. सडकेपलीकडे मिस्त्रीचं दुकान होतं. हे तिथे गाडी नेत तेव्हा मी दारात तांदूळ निवडत बसायची आणि नजर तिकडे ठेवायची. मिस्त्री पेट्रोलचा कॉक बंद करी, खालची वाटी सोडवी, त्यातलं पोकळ पितळी तरंगतं काढी, बारीक भोकाचा जेट तोंडाशी धरून फुंके, तांब्याची तार घालून साफ करी. तीनदा त्याने हेच केलं. प्रत्येक वेळी मला ऐकू येईल असं म्हणायचा, "भाभीजी, अब बराबर चलेगी." आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच लिंबाखाली. तो आणि हे चहा पिताना हसत असत. मी मिस्त्रीलाही संशयितांच्या यादीत घातलं.

एका रविवारी हे दुपारचे झोपले होते. मी पेचकस घेतला, पितळी परात घेतली आणि अंगणात बसून कार्बोरेटर खोलला. आज मला त्या पोरीचं कौतुक वाटतं आणि हसूही येतं. पदर खोचलेला, कोपरापर्यंत पेट्रोल, आणि चेहरा असा की जणू कोर्टातले ह्यांचे सगळे साहेब निकालासाठी माझ्याकडेच बघताहेत. वाटी स्वच्छ. जेट उन्हाकडे धरला, पलीकडचं आभाळ दिसलं. कचऱ्याचा कण नाही. सगळं जसंच्या तसं बसवलं आणि निकाल दिला: कार्बोरेटर निर्दोष आहे, अर्थात नवरा दोषी आहे. तिसरी काही शक्यता असते, हे त्या अकलेला सुचलं नाही. परातीला मात्र आठवडाभर वास येत होता. ह्यांनी भाकरीत पेट्रोल कसं आलं असं दोनदा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, तुमच्या हाताचा वास असेल.

पुढच्या रविवारी मी अंबडला मावशीकडे जायचा हट्ट धरला. हे म्हणाले, एसटीने जाऊ, गाडीचा भरवसा न्हाई. इथे तर माझी खात्रीच पटली. मी म्हटलं, गाडीनेच जायचं.

मागे बसून मी रस्ता मोजत होते. ते खेडं आलं, लिंब दिसला, आणि गाडीने फड फड करून मान टाकली. ह्यांनी मुद्दाम बंद केली असेल म्हणून मी ह्यांच्या दोन्ही हातांवर डोळे ठेवून होते. हातांनी काहीच केलं नव्हतं.

क्वार्टरमधून नर्सबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझ्याच वयाच्या, आणि दुर्दैवाने देखण्या. "भाऊ, आज रविवारी बी?" म्हणाल्या. इतकं ठासून भाऊ कशाला म्हणावं, हाही संशय मी तेवढ्यात घेऊन टाकला. मग त्यांना मी दिसले. त्या मोकळ्या हसल्या आणि म्हणाल्या, वहिनींना आणलं ते बरं केलं, भाऊ रोज प्लग पुसायला स्पिरिट अन् कापूस माझ्याकडूनच नेतात.

हे पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण फिरवू लागले. झाकण सैल झालं आणि आत हवा शिरल्याचा सुस्स असा लांब आवाज आला. ह्यांना तो सवयीचा असावा. नर्सबाई मात्र तांब्या खाली ठेवून जवळ आल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सलाईनच्या काचेच्या बाटलीला हवेची सुई टोचली न्हाई, तर एक थेंब खाली येत न्हाई. ह्या टाकीत हवा कुठून जाती?"

ह्यांनी झाकण उलटं करून पाहिलं. आतून एक छोटं भोक दिसत होतं. सुलटं केलं तर भोकाच्या जागी बोटभर जाडीचा लालपिवळा गोळा, आठवड्यावर आठवडे चढवलेला. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत कसंबसं उतरलेलं पेट्रोल तिथे अडत होतं. कार्बोरेटर बिचारा उपाशी मरत होता. झाकण उघडून पेट्रोल बघितलं की हवा शिरायची आणि गाडी पुन्हा चालू. मिस्त्रीने तीन वेळा गाडी खोलली, पण त्या कुंकवाला हात लावला नव्हता. नंतर विचारलं तर कानाला हात लावून म्हणाला, "भाभीजींची पूजा, मी कशी पुसू?" आणि हे? ह्यांनाही बायकोने वाहिलेलं कुंकू पुसणं बरं वाटलं नव्हतं.

नर्सबाईंनी आतून एक जुनी सुई आणली आणि भोक मोकळं केलं. "लावतं कोण हे एवढं?" त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यामुळे त्यांना कळलं. म्हणजे दोन महिने नवऱ्याला रोज दोनदा त्या देखण्या बाईच्या दारात नेऊन उभं करणारी मीच होते.

अंबडहून परतताना गाडी लिंबापुढून सुसाट निघाली. थोडं पुढे गेल्यावर मी ह्यांना थांबायला सांगितलं. खाली उतरले आणि विचारलं, "नर्सबाईचं मला आधी का न्हाई सांगितलं?"

हे हँडल धरून उभे राहिले. "सांगणार होतो. पण त्या दिवशी तू दारात माझा रुमाल हुंगत उभी होती. मंग भ्यालो."

"अन् चहा घेत होते का तिथं?"

"घेत होतो. खोटं कशाला बोलू. चहा संपल्यावर बी थोडा बसायचो."

त्या दिवशी ह्यांनी "न्हाई" म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. माझ्याजवळ आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवाळीला माहेरी जाऊन परत यायचं नाही असं ठरवलं होतं, हे मी सांगून टाकलं. ह्यांना हसू येईल असं वाटलं होतं. हे हसले नाहीत.

"मंग आता?" ह्यांनी विचारलं. "भाऊबीजेनंतर घ्यायला येऊ, का नको?"

"या," मी म्हटलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बदनापूरला मी अजून केसही विंचरले नव्हते, तोवर मोटारसायकल दारात. मी उंबऱ्यातच ह्यांना अडवलं. इतक्या सकाळी पोचलात, म्हणजे निघालात तरी कुठून, आणि रस्त्यात कुठंच कसे थांबला नाहीत?